घरकुलाचा नकाशा कोण काढतो?

घरकुलाचा नकाशा कोण काढतो, या प्रश्नाचं सरकारी उत्तर सोपं आहे : लाभार्थी स्वतः. योजनेत ठेकेदाराला जागा नाही, ज्याचं घर त्यानेच बांधायचं, असं नियम सांगतो. आता आमच्या सेलू तालुक्यातल्या कुठल्याही गावात चक्कर मारा. घोराडला जा, केळझरला जा, हिंगणीला जा. एकामागे एक घरकुलं दिसतील आणि बहुतेक सगळी एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसतील. समोर एक दार, बाजूला एक खिडकी, वर सपाट स्लॅब, स्लॅबच्या कडेने आकाशाकडे बघणाऱ्या गंजक्या सळ्या. शंभर कुटुंबांनी आपापल्या मनाने घरं बांधली असती तर ती इतकी सारखी झाली नसती. म्हणजे नकाशा काढणारा कोणीतरी आहे. माझं म्हणणं असं की त्याचं नाव आहे हप्ता.

मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेली मुलगी आहे. गावात कोणाचं घरकुल मंजूर झालं की कागदपत्रं आणि मोबाइल घेऊन लोक माझ्याकडे येतात. त्यामुळे ही घरं मी कागदावर पाहिलीत, अर्धवट पाहिलीत आणि नंतर त्यात बसून चहाही प्यायलाय. कागदावरच्या घरात आणि चहा प्यायलेल्या घरात जे अंतर आहे, त्याबद्दल मला भांडायचंय.

फोटोत काय येतं?

२०१६ साली इंदिरा आवास योजनेच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली. तिच्यात दोन चांगल्या गोष्टी झाल्या. घराचं किमान क्षेत्रफळ २० चौरस मीटरवरून २५ झालं, आणि स्वयंपाकाच्या स्वतंत्र जागेचा त्यात समावेश झाला. पैसे थेट खात्यात येऊ लागले. मधल्या मध्ये पैसा गळू नये म्हणून प्रत्येक टप्प्याचा फोटो काढून, जागेच्या खुणेसकट, तो सिस्टीमवर चढवायचा, मग पुढचा हप्ता सुटणार. भ्रष्टाचार रोखायला ही युक्ती चांगलीच आहे. तिच्या विरोधात मी एक शब्द बोलणार नाही.

पण तिचा एक परिणाम झाला, त्याकडे कोणी बघत नाही. जोतं झालं की फोटो. भिंती वर आल्या की फोटो. छत पडलं की फोटो. म्हणून बाई आपल्याजवळचा पैसा जोतं, भिंत आणि छत याच क्रमाने ओतते. समोरासमोर दुसरी खिडकी ठेवली तर तिचा वेगळा फोटो नाही. खिडकीवरचा छज्जा, वरचा झरोका, गच्चीवर जाणारा जिना, न्हाणीचा आडोसा, आतला कोबा, यांतल्या कशाचाच हप्ता नाही. ज्याचा हप्ता नाही ते "मंग करू" मध्ये जातं. गरिबाच्या घरात "मंग" फार लांबचं असतं.

शिवाय मधला हप्ता रेंगाळला की काय होतं ते गावात सगळ्यांना माहीत आहे. सिमेंटवाल्याची उधारी चढते, गवंडी दुसऱ्या कामावर जातो, पावसाळा तोंडावर येतो. मग कसंही करून स्लॅब टाका, एवढंच डोक्यात राहतं. स्लॅब पडला की गावात पेढे वाटतात. त्या दिवशी घराची रचना कायमची ठरून जाते, आणि ती कोणी ठरवली हे विचारायला कोणी नसतं.

हिशेब एकदा मांडूच

सपाट भागात या घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात. हा आकडा २०१६ चा आहे. २०२४ मध्ये योजना पुढे वाढवली, आणखी २ कोटी घरांचं उद्दिष्ट ठेवलं, आकडा तोच ठेवला. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी मिळते. २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने ती २८,०८० रुपये होते. संडासाचे १२ हजार वेगळे. महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये दुसऱ्या टप्प्यातल्या घरांसाठी ५० हजारांची भर घातली. त्यातले ३५ हजार बांधकामाला आणि १५ हजार छतावरच्या सोलरसाठी.

संडास आणि सोलर बाजूला ठेवा. घरासाठी उरले १,८३,०८०. पंचवीस चौरस मीटर म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. चौरस फुटाला पडले ६८० रुपये. आमच्याकडचा गवंडी, साहित्य धरून, याच्या दुपटीच्या खाली बोलायलाच तयार नसतो. उरलेला पैसा बचत गटाचं कर्ज, मायक्रो फायनान्सचा आठवड्याचा हप्ता किंवा पोरीच्या लग्नासाठी ठेवलेलं सोनं यातून येतो.

एक विसंगती तर अगदी पायाखाली आहे. सेलू आता नगरपंचायत आहे. तिथे शहरी योजना लागू होते आणि स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख मिळतात. हद्द ओलांडून घोराडच्या रस्त्याला लागलं की गाव सुरू होतं आणि रक्कम उतरते. सिमेंटचं पोतं दोन्हीकडे एकाच दुकानातून येतं. गवंडीही तोच असतो. ऊनही तेच.

मजुरीचा दर सरकार दरवर्षी बदलतं, कारण महागाई असते हे त्याला मान्य आहे. घराच्या रकमेला मात्र महागाई लागत नाही, असं गृहीत धरलंय. कमी पडलेला पैसा कुठून कापला जातो? भिंत कापता येत नाही, छत कापता येत नाही. कापली जाते हवा.

त्या खोलीत कोण असतं?

वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणं ही बातमी राहिलेली नाही. सिमेंटचा चार-पाच इंची स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी सात-आठपासून ते खाली सोडायला लागतो. बाहेर वारा सुटलेला असतो तेव्हा आत भट्टी असते. कवेलूच्या छताला फटी असायच्या, गरम हवा त्यातून निघून जायची. स्लॅबला फट नाही. एकाच भिंतीत एक दार आणि एक खिडकी असेल तर हवा आत येते आणि तिथेच थबकते, कारण तिला जायला समोर वाट नाही. बांधकामाची राष्ट्रीय संहिता सांगते की उष्ण-कोरड्या भागात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक दशांश तरी खिडक्या-झरोके असावेत. मी ज्या घरकुलांत टेप लावला, त्यांतल्या फार थोड्या घरांत तेवढी उघडीप निघाली.

दुपारी त्या खोलीत कोण असतं, हेही बघा. माणसं लिंबाच्या पारावर असतात, पानठेल्यावर असतात. आत असते बाई, म्हातारी सासू, आणि बाळंतपणाला माहेरी आलेली लेक तिच्या तान्ह्या बाळासकट. सव्वा महिना बाळंतिणीने वाऱ्यात जायचं नाही हा आपला नियम, आणि वारा नसलेली ती खोली हे आपलं घरकुल. एका मावशीला मी विचारलं, दुपारी कुठे बसता? म्हणाली, "कुठं बसू पोरी, आतमधी त भट्टीच आहे. बाजूच्या गोठ्यात बसतो. म्हशीची सोय चांगली आहे न आमच्यापेक्षा."

ती हसत होती. मला हसू आलं नाही.

मग धूर. उज्ज्वलाचं सिलिंडर बहुतेक घरी आहे, पण ते चहाला आणि पाहुण्यांना. भाकरी, अंघोळीचं पाणी, डाळ शिजवणं हे पऱ्हाट्यांवर आणि तुराट्यांवरच होतं, कारण त्या स्वतःच्या वावरातून येतात आणि सिलिंडर पैशाने येतं. स्वयंपाकाची स्वतंत्र जागा नियमात आहे. प्रत्यक्षात ती त्याच खोलीतला एक कोपरा असते. जुन्या घरात चूल मागच्या सपरीत होती, तिचा धूर मोकळ्यावर जायचा. इथे तो पोरांच्या दप्तरावर बसतो. गंमत बघा, धूर बाहेर काढणारी मगन चूल आपल्याच वर्ध्यात, मगनवाडीत तयार झाली. तिचं गाव आणि आमचं गाव यांच्यात वीसेक किलोमीटर आहेत. तिला आमच्या घरकुलापर्यंत अजून वाट सापडलेली नाही.

आणि कापूस. हा मुद्दा दिल्लीत बसून सुचणारच नाही. आमच्याकडे दिवाळीनंतर कापूस घरात येतो आणि भाव वाढेल या आशेने तो महिनोन्‌महिने घरातच राहतो. जुन्या घरात त्याला माळा होता, कोठा होता. २६९ चौरस फुटांत तो पलंगाखाली, पलंगावर आणि शेवटी छताला टेकेपर्यंत येतो. पोरं त्यावरच झोपतात. अंगाला खाज सुटते, म्हातारी खोकते, चुलीची ठिणगी उडायची भीती वेगळीच. लहान शेतकऱ्याला घर म्हणजे गोदामसुद्धा असतं. नकाशात गोदाम नाही म्हणून कापूस नाहीसा होत नाही, माणसं बाहेर जातात.

रात्री बाहेर झोपावं तर साप-विंचू आणि वयात आलेल्या पोरी. गच्चीवर झोपावं तर जिना नाही. घराचा सगळ्यात गार तुकडा डोक्यावर आहे आणि तिथे जायला भिंतीला टेकवलेली लाकडी शिडी. म्हातारी चढत नाही, पोटुशी बाई चढत नाही. एकाच खोलीत सासू-सासरे, नवरा-बायको आणि बारावीची पोरगी झोपतात. कोणाच्या मनाला काय होत असेल ते कुठल्याच फॉर्ममध्ये भरायचं नसतं.

"फुकट मिळतंय ना?"

हे सगळं बोललं की ठरलेली तीन उत्तरं येतात.

पहिलं : फुकट मिळतंय, वर नखरे कशाला? फुकट काहीच नाही, हे वरच्या हिशेबात दिसलं. पण समजा असतं, तरी काय? सार्वजनिक पैशातून पूल बांधला तर तो नदीच्या दोन्ही काठांना टेकला पाहिजे, अशी अपेक्षा आपण ठेवतो. त्याला कोणी नखरे म्हणत नाही. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या घरात मे महिन्याच्या दुपारी बसता आलं पाहिजे, ही अपेक्षा त्याच जातीची आहे.

दुसरं उत्तर शिकलेल्या लोकांकडून येतं : तुमची मातीची घरंच बरी होती. सेवाग्रामची बापूकुटी बघा, किती गार! बापूकुटी गारच आहे. १९३६ मध्ये गांधीजी सेगावला राहायला आले, आणि मीराबेननी माती, बांबू, लाकूड आणि कवेलू वापरून उभं केलेलं ते घर आजही वास्तुकलेची पोरं बघायला येतात. पण ती कुटी राखायला एक आश्रम आहे. आमच्या घरी माकडं कवेलू फोडतात, दर उन्हाळ्यात ते फेरायला माणूस मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. भिंत पावसात खचते, कुडातून साप येतो. आणि गावात मातीचं घर कोणाचं आणि पक्कं कोणाचं, हे पिढ्यान्‌पिढ्या जातीने ठरलेलं होतं. रमाई, शबरी, पारधी आवास अशा योजनांतून गावकुसाबाहेरच्या वस्तीत पहिला स्लॅब पडतो, तेव्हा तो नुसता सिमेंटचा नसतो. त्याला मान असतो. तो मान सोडून परत मातीत जा, असं सांगायचा अधिकार एसीत बसणाऱ्या कोणालाही नाही. मला स्लॅब नको असं मी म्हणतच नाही. स्लॅबखाली माणूस राहतो हे लक्षात ठेवून तो टाका, एवढंच म्हणणं आहे.

तिसरं उत्तर सगळ्यात चतुर : लोकांनाच असं घर हवंय, आम्ही काय करणार? लोकांसमोर दुसरा नकाशा ठेवला होता का कोणी? सगळ्यांनी तेच निवडलं असं म्हणण्याआधी निवडायला दोन गोष्टी तरी असाव्या लागतात.

रचना ही चैन नव्हे

घराच्या छोट्या गोष्टींनी माणसाच्या तब्येतीत किती फरक पडतो, याचा भक्कम पुरावा मेक्सिकोत आहे. तिथल्या कोआविला राज्याने २००० नंतर गरिबांच्या घरातली मातीची जमीन सिमेंटची करून देण्याचा कार्यक्रम घेतला, 'पिसो फिर्मे'. नवं घर नाही, फक्त पक्की जमीन. अर्थशास्त्रज्ञांनी शेजारच्या, हा कार्यक्रम न झालेल्या शहरांशी तुलना केली. २००९ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात लहान मुलांमधल्या जंतांचं प्रमाण ७८ टक्क्यांनी आणि रक्तक्षयाचं ८१ टक्क्यांनी कमी आढळलं. आयांमधली उदासी आणि ताणही कमी झाला होता. आता आमच्याकडे बघा. जमीन ही छतानंतरची गोष्ट. पैसा छतापाशी संपतो. पोरगं वर्षानुवर्षं मुरमावर रांगतं, आणि घर मात्र सिस्टीममध्ये 'पूर्ण' असतं.

महाराष्ट्राने तर हा धडा स्वतः मोठी किंमत देऊन घेतलाय. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी बसवली गेली. घरं २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची, ज्याची जमीन जितकी तितकं घर मोठं. म्हणजे भूमिहीनाला सगळ्यात लहान. सरळ रेषेतल्या रस्त्यांवर ती घरं उभी राहिली. बघता बघता लोकांनी पुढे पत्र्याचे शेड टाकले, मागे चुली नेल्या, धान्य आणि जनावरं यांच्यासाठी आडोसे उभारले. नकाशात जे राहिलं होतं ते त्यांनी पत्र्याने लिहून दिलं. ते कोणी वाचलं असतं तर तीस वर्षांनंतर आम्हाला पुन्हा तेच पत्रे विकत घ्यावे लागले नसते.

याच पैशात, याच देशात वेगळं करता येतं हेही झालेलं आहे. इंदूरला बाळकृष्ण दोशींनी आखलेल्या अरण्य वसाहतीत सगळ्यात लहान प्लॉट ३५ चौरस मीटरचे होते. तिथे आधी जोतं, पाणी आणि संडास दिला, पुढची वाढ कुटुंबावर सोपवली. नमुन्यासाठी ८० घरं बांधून दाखवली, त्यांत ओटे होते आणि बाहेरून वर जाणारे जिने होते. म्हणजे घर पुढे वाढणार हे पहिल्याच दिवशी मान्य केलं. आमच्या वर्ध्यातही, १९७६ मध्ये डॉ. देवेंद्र कुमारांनी सुरू केलेल्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसने कुंभाराच्या चाकावरच्या शंकूसारख्या कवेलूंची कमान करून छत करायचं तंत्र विकसित केलं. तेलंगणाने २०२३ मध्ये छतं गार ठेवायचं धोरणच जाहीर केलं. ज्ञान कमी नाही. ते ज्ञान आणि तालुक्याचा हप्ता यांची ओळख करून द्यायची राहिली आहे.

आणि खरी गोम अशी की योजनेच्या नियमांतही यातलं बरंच आहे. स्थानिक हवामान आणि साहित्य बघून राज्यांनी घरांचे वेगवेगळे नमुने लोकांसमोर ठेवावेत, असं त्यात म्हटलंय. देशभरातल्या अशा नमुन्यांचं 'पहल' नावाचं जाडजूड संकलन केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने काढलेलंही आहे. ते संकेतस्थळावर पडून आहे. आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लाभार्थ्यांची यादी लागते, नकाशा लागत नाही.

मग मागायचं काय?

मी मागते त्यातलं पहिलं जवळपास फुकट आहे. जोतं आखायच्या दिवशी अभियंत्याने जागेवर यावं. हप्त्याच्या फोटोला येतोच, त्याआधी एकदा यावं. खिडक्या समोरासमोर कुठे, पश्चिमेच्या उन्हाला आडवी न्हाणी किंवा संडास कसा घालता येईल, पुढे जिना कुठून चढेल, हे चुन्याच्या रेघेने दाखवायला अर्धा तास लागतो. स्लॅब पडल्यावर तोच अर्धा तास कितीही पैशाला मिळत नाही.

दुसरं : पाच नकाशे, खर्चासकट, मराठीत, पंचायतीच्या भिंतीवर. एक कापूस ठेवणाऱ्याचा, एक म्हाताऱ्या जोडप्याचा, एक दोन पिढ्यांच्या कुटुंबाचा, एक अरुंद जागेचा, एक मागे सपरी असलेला.

तिसरं : राहण्याचा हप्ता. कोबा, दुसरी खिडकी, छज्जा, जिना आणि गच्चीवर पांढरा चुना, यांच्यासाठी वेगळी, वाढीव रक्कम. आहे त्यातली अडवून ठेवलेली नको, नाहीतर आणखी एका सहीसाठी आणखी चार चकरा होतील. राज्य छतावरच्या सोलरसाठी १५ हजार देऊ शकतं. म्हणजे आमच्या डोक्यावर ऊन आहे हे सरकारला कळलंय. फक्त त्याची वीज होते तेवढंच दिसतं, त्याचा ताप होतो ते दिसत नाही.

चौथं : घराची रक्कम मजुरीसारखी दरवर्षी सुधारावी, आणि गाव-शहराच्या हद्दीवर ती निम्म्याच्या आसपास कोसळू नये.

हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी, मामाकडे, शेजारी घरकुल मंजूर झालं असेल. फॉर्म भरायला, फोटो चढवायला, ओटीपी सांगायला तुम्हालाच बोलावतात. पुढच्या वेळी फॉर्म भरताना जागेचं तोंड कुठे आहे ते बघा, समोरासमोर खिडक्या मागा, जिन्याच्या सळ्या सोडायला गवंड्याला सांगा. आणि १ मेच्या ग्रामसभेत एक ठराव मांडा : पुढची ग्रामसभा मे महिन्यातच, दुपारी दोन वाजता, गावातल्या सगळ्यात नव्या घरकुलात, दार लावून. सरपंच, ग्रामसेवक, अभियंता, सभापती, सगळ्यांनी आत बसायचं. विषय एकच, घरकुलाची रचना. सभा लांबणार नाही, याची खात्री मी देते.